‘उपदेशक’ : मृत्यूच्या छायेतील आनंद

बायबलच्या जुन्या करारातील ‘उपदेशक’ हा अवघ्या 12 अध्यायांचा ग्रंथ आपल्या वाचकाला परका वाटत नाही, आणि त्यातच धोका आहे. प्रचलित मराठी भाषांतरातील ‘व्यर्थ’ हा शब्द वाचताच आपण ‘माया’ म्हणून मान डोलावतो व पुस्तक मिटतो. मूळ हिब्रू शब्द ‘हेबेल’. त्याचा अर्थ वाफ, श्वास. वाफ खोटी नसते. ती मुठीत राहत नाही, इतकेच. शिवाय ह्या ग्रंथकर्त्याजवळ पुनर्जन्माचा आधार नाही आणि मोक्षाचाही नाही.

दुसऱ्या अध्यायात वक्ता राजा होऊन बोलतो. प्रासाद, द्राक्षमळे, दासदासी, गायक, सर्व काही तो मिळवितो. येथवर तो आपला ययातीच. परंतु ययातीने पुत्राचे तारुण्य मागून घेतले. ह्या राजाला निराळीच चिंता लागते. आपले कष्टार्जित उद्या ज्याच्या हाती जाईल, तो शहाणा निघेल की मूर्ख ? मृत्युपत्रे लिहिताना हा प्रश्न मी कित्येकदा ऐकला आहे. अशील बोलतो मिळकतीविषयी ; त्याला विचारावयाचे असते ते स्वतःविषयी. आणि ह्या निराशेच्या पाठोपाठच, खाणेपिणे व श्रमातील सुख ही ईश्वराची देणगी होय, हा उपदेश प्रथम येतो. हा क्रम आकस्मिक नव्हे.

त्याचा उलगडा करण्यास कार्ल युंग ह्यांचे मानसशास्त्र उपयोगी पडते. आत्मा व मृत्यू ह्यांवरील 1934 च्या निबंधात त्यांनी आयुष्याला प्रक्षेपित अस्त्राच्या वक्रमार्गाची उपमा दिली. चढण नाकारणारा तरुण जसा कुंठित होतो, तसाच उतरण नाकारणारा प्रौढही. राजाचा मुखवटा गळून पडणे ही मग अधोगती ठरत नाही. नवव्या अध्यायात मृतांना कशाचेच भान नसते असे सांगून होताच शुभ्र वस्त्रे, मस्तकी तेल आणि प्रिय पत्नीचा सहवास का येतो, ह्याचीही संगती लागते.

मात्र युंग ह्यांच्यामागे शेवटपर्यंत जाता येत नाही. त्यांची वाट व्यक्तित्वाच्या पूर्णत्वाकडे जाते. उपदेशक तसले आश्वासन देत नाही. त्याच्या लेखी आनंद हे दान आहे. दानाला मनाची कमाई म्हटले, की मिळकतीची चिंता पुन्हा सुरू झालीच.

हा ग्रंथ मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. आईवडील, भाऊ, पती आणि 1921 मध्ये कन्या मनोरमा, इतके मृत्यू पाहिलेल्या ह्या विदुषीने हिब्रू व ग्रीक शिकून समग्र बायबल भाषांतरित केले. 1922 मध्ये त्या निवर्तल्या. ग्रंथ त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला.

ज्यू समाजाच्या अश्केनाझी शाखेत हे पुस्तक सुक्कोथ ह्या सुगीच्या सणात वाचतात. आपल्याला त्याचे नवल वाटू नये. जुन्या हुबळीत सिद्धारूढ स्वामींच्या समाधीपुढे माथा टेकून आपण तिथल्याच दासोहाच्या पंगतीला बसतो, आणि पानावरचा भात गोड लागतो.