वॉली वर्ल्डचा बंद दरवाजा

विनोदाला जात नसते, वर्ण नसतो, हसू सगळ्यांचे सारखेच, असे साहित्याच्या वर्गात आम्हांला शिकविले गेले. पुढे मीही काही वर्षे तेच शिकवीत होतो. आता मला ते पटत नाही. हसण्यासाठी माणूस आधी निर्धास्त असावा लागतो. फजितीनंतरही आपली जागा शाबूत राहील ही खात्री ज्याला आहे, तोच आपल्या फजितीला हसू शकतो. ही खात्री कुणाला वारसाहक्काने मिळते आणि कुणाला मिळत नाही, हा प्रश्न विनोदाच्या समीक्षेत क्वचितच विचारला जातो. तो विचारण्यासाठी मी एक अगदी 'निरागस' मानली जाणारी अमेरिकन चित्रपटमालिका घेतो आहे.

ग्रिस्वोल्ड नावाच्या गोऱ्या, मध्यमवर्गीय कुटुंबाच्या सुट्टीच्या ह्या गोष्टी. 'व्हेकेशन' (१९८३), 'युरोपियन व्हेकेशन' (१९८५), 'ख्रिसमस व्हेकेशन' (१९८९), 'व्हेगस व्हेकेशन' (१९९७), आणि मुलगा मोठा झाल्यावर पुन्हा 'व्हेकेशन' (२०१५). पहिल्या चारांत बाप क्लार्क म्हणजे चेव्ही चेस, आई एलेन म्हणजे बेव्हर्ली डँजेलो. मुले मात्र प्रत्येक चित्रपटात बदलतात, नट दुसरे आणि नावे तीच. हे पाचही चित्रपट मी ओळीने पाहिले. सुटा एखादा पाहिला तर माणूस हसून उठतो. ओळीने पाहिले की कोण परत येतो आणि कोण परत येत नाही, हे दिसू लागते.

पहिल्याची कथा सोपी आहे. शिकागोच्या उपनगरातला क्लार्क खाद्यपदार्थांत घालावयाच्या रसायनांच्या धंद्यात नोकरी करतो. बायकामुलांना घेऊन मोटारीने तो कॅलिफोर्नियातील वॉली वर्ल्ड ह्या करमणूक-उद्यानाकडे निघतो. विमानाने जाता येते. पण प्रवासातच गंमत आहे असा त्याचा हट्ट. वाटेत पैसे संपतात, गाडी मोडते, म्हातारी आत्या मरते आणि तिचे प्रेत टपावर बांधून न्यावे लागते. शेवटी पोहोचतात, तर उद्यान दुरुस्तीसाठी दोन आठवडे बंद! मूळ कथा जॉन ह्यूजेस ह्याची, 'नॅशनल लॅम्पून' मासिकात १९७९ साली आलेली. तीत उद्यानाचे नाव सरळ डिस्नेलँडच होते.

बंद दरवाजासमोर उभे असलेले ते घामेजलेले कुटुंब पाहून प्रेक्षक हसतो. मला त्या क्षणी दुसरा एक बंद दरवाजा आठवला. १९६३ साली मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिले, त्यात एका सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख आहे. तिने दूरदर्शनवर फनटाऊन नावाच्या उद्यानाची जाहिरात पाहिली आहे. मला तिथे का नेत नाही, असे ती बापाला विचारते, आणि ते काळ्या मुलांसाठी बंद आहे हे सांगताना बापाची जीभ अडखळते. क्लार्कचे उद्यान दोन आठवडे बंद आहे. त्या मुलीचे तिच्या जन्माआधीपासून बंद होते. दोन्हीकडे बाप आहे, लेकरू आहे, दिलेले किंवा देता न आलेले वचन आहे. एकीकडे विनोद झाला. दुसरीकडे का होऊ शकला नाही?

रस्त्याचेही तसेच. क्लार्क नकाशा घेऊन निघतो. नकाशा चुकला तर हसे होते. काळ्या प्रवाशांना मात्र नकाशाबरोबर आणखी एक पुस्तक लागत असे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील व्हिक्टर ग्रीन ह्या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ सालापासून एक मार्गदर्शिका काढली. कोणत्या गावात कोणते हॉटेल आपल्याला खोली देईल, कुठे जेवण मिळेल, कुठे केस कापून मिळतील, ह्याची ती यादी होती. सूर्य मावळण्यापूर्वी काळ्यांनी निघून जावे असा दंडक असलेली गावेही त्या देशात होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक जागांतील हा भेद बेकायदा ठरविला. तरी अटलांटातील एका मोटेलचा मालक, मी काळ्यांना खोली देणार नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याच वर्षी हरला. ग्रीनची मार्गदर्शिका साठीच्या दशकाच्या अखेरीस बंद पडली. म्हणजे पहिला 'व्हेकेशन' पडद्यावर आला तेव्हा तिला बंद होऊन वीस वर्षेही झाली नव्हती.

आता तो सेंट लुईसचा प्रसंग. क्लार्क महामार्गावरून चुकून खाली उतरतो आणि काळ्यांच्या वस्तीत शिरतो. काचा वर करा, असे मुलांना सांगितले जाते. ही दैन्यावस्था पहा म्हणजे आपल्याला काय मिळाले आहे त्याची किंमत कळेल, असा उपदेशही तो करतो. मग रस्ता विचारायला थांबतो, तेवढ्यात चाकांच्या थाळ्या चोरीला जातात आणि गाडीवर शिवी रंगविली जाते. प्रसंग दोन-तीन मिनिटांचा. क्लार्कच्या उपदेशाची थट्टा करण्याचाच लेखकाचा हेतू आहे, असे म्हणता येईल, आणि ते काही अंशी खरेही आहे. पण थट्टा करूनही चित्रपट त्याच्याच गाडीत बसून राहतो. काचेबाहेरच्या एकाही माणसाला घर नाही, मुले नाहीत, सुट्टी नाही. तो आहे चोरी करण्यापुरता.

ही वस्ती महामार्गाच्या खाली का होती, हे चित्रपटाला ठाऊक नाही. १९५६ च्या कायद्यानंतर अमेरिकेत जे महामार्ग झाले ते कित्येक शहरांत काळ्यांच्या मोहल्ल्यांवरून गेले. खुद्द सेंट लुईसमध्ये मिल क्रीक व्हॅली नावाचा मोहल्ला १९५९ पासून शहर-सुधारणेच्या नावाखाली पाडला गेला आणि सुमारे वीस हजार माणसे, बहुतेक सारी काळी, उठविली गेली. क्लार्क चुकीच्या रस्त्याने आला असे आपण म्हणतो. त्या लोकांच्या घरांवरूनच रस्ता गेला होता.

शेवटी क्लार्क छऱ्यांचे पिस्तूल घेऊन उद्यानाच्या रखवालदाराला धमकावतो आणि बंद पाळणे सुरू करायला लावतो. सशस्त्र पोलिसांची तुकडी येते. मग उद्यानाचा मालक स्वतः येतो, क्लार्कची कहाणी ऐकतो, विरघळतो आणि क्षमा करतो. हा भाग मी काही विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा पाहिला. सगळे हसत असताना एकाने विचारले, "सर, पोलिसांनी गोळी का नाही घातली?" मी उत्तर दिले नाही. २०१४ साली क्लीव्हलँडमध्ये खेळण्यातले पिस्तूल जवळ असलेल्या बारा वर्षांच्या काळ्या मुलाला पोलिसांनी गाडी थांबताच काही क्षणांत गोळी घातली होती. तो मुलगाही बागेतच होता.

ह्या ठिकाणी मला एक मराठी मुलखातला प्रवास सांगितल्याशिवाय राहवत नाही. तोही सुट्टीचाच आहे, आणि ज्याने तो लिहिला त्याने तो परदेशी वाचकाला अस्पृश्यता कळावी म्हणूनच लिहिला. १९०१ साली बाबासाहेब आणि घरातली मुले साताऱ्याहून कोरेगावला वडिलांकडे निघाली. नवे विलायती सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. आगगाडीचा आनंद! मसूरला उतरतात तो घ्यायला कुणीच नाही. वडिलांच्या नोकराने पत्र पोचतेच केले नाही. गाडीवान दुप्पट भाडे घेतो, तरी गाडीत बसत नाही. गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. शिदोरी आहे, पण पाणी कुणी देत नाही. आता पहा: हरवलेले पत्र, नवे कपडे, मुलांनी हाकलेली गाडी, शेजारून पायी चाललेला तिचा मालक. विनोदी पटकथेला लागणारे सारे काही ह्यात आहे. ग्रिस्वोल्ड कुटुंबावर ह्याहून वेगळे काय कोसळते? फरक इतकाच की क्लार्कला प्रसंग नडतो, आणि त्या मुलांना जात विचारली गेली होती.

दुसऱ्या चित्रपटाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्रश्नमंजुषेच्या खेळात युरोपची सफर मिळते. लंडनच्या एका गोल चौकात गाडी दिवसभर फिरत राहते, स्टोनहेंजचे दगड कोसळतात. हजारो वर्षांचे दगड पाडून गोरे कुटुंब पुढच्या गावाला जाते, एवढे ध्यानात ठेवावे.

तिसरा मात्र मालिकेतला खरा चित्रपट आहे, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. ह्यात कुटुंब कुठेच जात नाही, म्हणूनच त्याला जमीन सापडते. नाताळचा बोनस मिळणार ह्या भरवशावर क्लार्कने पोहण्याच्या तलावाची आगाऊ रक्कम भरून ठेवली आहे, आणि हाती येते दरमहा जेलीची बरणी पाठविणाऱ्या मंडळाचे सभासदत्व. नोकरदाराची ही चेष्टा फार खरी आहे. इथे एडी येतो. पहिल्या चित्रपटात कान्सासमध्ये भेटलेला, मांसाशिवाय मांसाचा मसाला शिजवून घालणारा दरिद्री नातेवाईक. तो बरीच वर्षे बेकार आहे, आणि व्यवस्थापकाची जागा मिळेल तेव्हाच काम करीन म्हणतो. त्याच्या फिरत्या घराच्या टाकीतला मैला तो भर रस्त्यावरच्या गटारात सोडतो. शेवटी त्याच गटारातला वायू पेटतो आणि सांता क्लॉजची झळाळती गाडी आभाळात उडते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. गटारातला वायू आपल्याकडे काय करतो, हे ह्या पानांच्या वाचकांना सांगावयास नको.

पण हाच एडी, क्लार्कने रागाच्या भरात बोलून दाखविलेली इच्छा शब्दशः खरी मानतो आणि मालकाला पळवून आणून दिवाणखान्यात उभा करतो. ज्याला सगळे हसले, त्यालाच मालक कोण आहे हे नेमके कळते. इथवर चित्रपट विद्रोहाच्या उंबरठ्यावर येतो. मग पुन्हा पोलिसांची तुकडी, पुन्हा मालकाचे विरघळणे: बोनस परत, वर वीस टक्के वाढ. १९८३ मध्ये उद्यानाचा मालक, १९८९ मध्ये कारखान्याचा. व्हेगसमध्ये जुगारात सारे गमावल्यावर शेजारी बसलेला एक म्हातारा जिंकतो आणि मरता मरता तिकीट क्लार्कच्या हाती देतो. ओळीने पाहिल्यावरच हे दिसते: ग्रिस्वोल्ड कधी लढून काही मिळवीत नाहीत, त्यांना नेहमी कुणीतरी ते देऊन जाते. व्यवस्था त्यांना आपले मानते. एडीही गोरा आहे, म्हणून तो दरिद्री असला तरी नातेवाईक आहे आणि पुन्हा पुन्हा घरात येऊ शकतो. सेंट लुईसच्या गल्लीतले कुणी पुन्हा आले नाही.

पाचव्यात मुलगा रस्टी बापाचीच वाट धरून वॉली वर्ल्डला निघतो. तो वैमानिक आहे, पण स्वस्तातल्या विमान कंपनीत. बत्तीस वर्षांनी जग थोडे बदलले आहे. त्याचे शेजारी पीटरसन हे काळे जोडपे आहे. ते सुखवस्तू आहे आणि पॅरिसची सफर करून आले आहे. ते फोटो दाखवितात आणि रस्टीला आपली सुट्टी खुजी वाटू लागते. हा बदल मी कमी लेखीत नाही. १९८३ च्या काचेबाहेरचा माणूस आता जेवणाच्या टेबलावर बसला आहे. पण पीटरसन मंडळींचा प्रवास आपल्याला दिसत नाही. मोटारीत सामान भरणारी, वाट चुकणारी, रात्री अनोळखी गावात खोली मागणारी ती मंडळी कुठेच नाहीत. त्यांची फजिती होत नाही. चित्रपट त्यांना फोटो देतो आणि रस्ता पुन्हा ग्रिस्वोल्डांना देतो.