मेंढा मोठा की काळीज मोठे?

सिडनीहून मेलबर्नला मोटारीने जाणारे आपले समाजबांधव वाटेत गोल्बर्नचा ‘बिग मेरिनो’ पाहतात, मुलांचा फोटो काढतात आणि पुढे जातात. सुमारे १५ मीटर उंचीचा हा सिमेंटचा मेंढा १९८५ साली उभा राहिला. १९९२ मध्ये ह्यूम हमरस्ता गावाबाहेरून गेला, गिऱ्हाइके आटली, म्हणून २००७ मध्ये अख्खा मेंढा उचलून नव्या रस्त्याजवळ नेला. म्हणजे ही दुकानाची पाटीच. लोकरीवर पोसलेल्या गावाने मेंढा मिरवावा यात गैर नाही, मुलांनाही गंमत वाटते. पण त्याला विचारावे असे फारसे काही उरत नाही.

तेथून कॅनबेराकडे वळावे. राष्ट्रीय संग्रहालयात फार लॅप या घोड्याचे काळीज काचपात्रात ठेवले आहे. १९३० चा मेलबर्न कप जिंकलेला हा घोडा १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अचानक मेला. कातडे मेलबर्नला, सांगाडा न्यूझीलंडला आणि काळीज येथे, अशी त्याची वाटणी झाली. काळजाचे वजन ६.२ किलो. लोक आकडा वाचून ‘बापरे!’ म्हणतात आणि निघतात. रुग्णालयात आयुष्य काढलेल्या मला येथे हरकत घ्यावीशी वाटते. काळजाचा आकार म्हणजे हिंमत नव्हे. माणसाचे हृदय वाढले तर आम्ही काळजीत पडतो. नुसता आकडाच पाहायचा, तर काळीज आणि सिमेंटचा मेंढा एकाच पंगतीला बसतात.

संग्रहालयाची खरी थोरवी मेलबर्नला कळते. तेथील कातड्यावरचे आयाळीचे केस ७० वर्षांहून अधिक काळाने तपासले, तेव्हा मरणापूर्वी आर्सेनिक पोटात गेल्याची खूण सापडली. ते कोणी मुद्दाम घातले की औषधातून गेले, हा वाद आहेच. पण जपून ठेवलेल्या वस्तूने, जपणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसलेल्या प्रश्नाला उत्तर दिले.

आपल्यालाही हे लागू आहे. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादात लुगडे नेसलेल्या बाया मात्झा करताना दिसतात. आपल्या आज्यापणज्या कशा बसत, काय नेसत, हे ते चित्र आज सांगते. दिवाणखान्यात मोठा फोटो लावणे सोपे आहे. पण आजीची मराठी पत्रे आणि जीर्ण प्रार्थनापुस्तक आपण घर बदलताना टाकून देतो. ती जपावीत. नातवंडे उद्या काय विचारतील, ते आज आपल्याला ठाऊक नाही.