ट्यूरिंग यांचा कारकून

गणकयंत्रांचा बोलबाला झाल्यापासून, यंत्राला अमुक गोष्ट कधींच साधणार नाहीं असें कोणी सांगितलें कीं आमच्या सुशिक्षित मंडळींस मोठा दिलासा वाटतो. या दिलाशाला आधार म्हणून अॅलन ट्यूरिंग यांच्या १९३६ सालच्या निबंधाकडे बोट दाखविण्यांत येतें. तो निबंध आम्हीं पुन्हां वाचला. हा आधार खोटा आहे असें आमचें मत झालें.

एखादें तार्किक विधान सिद्ध होण्याजोगें आहे कीं नाहीं, हें ठराविक रीतीनें, डोकें न लढवितां ठरवितां येईल काय, असा प्रश्न हिल्बर्ट यांनीं १९२८ सालीं मांडला होता. पंचविशीही न गाठलेल्या ट्यूरिंग यांनीं 'नाहीं' असें उत्तर दिलें. (अमेरिकेंत आलोंझो चर्च यांनीं तेंच थोडें आधीं दिलें होतें; पण त्यांची मांडणी सामान्य वाचकाला पारखी.) कोणतें यंत्र अखंड अंक लिहीत राहील आणि कोणतें कुंठित होईल, हें अचूक सांगणारा परीक्षक आहे असें क्षणभर माना. त्याच्या साह्यानें असें यंत्र रचतां येतें कीं, तें सर्व यंत्रें क्रमानें तपाशीत जातें व निर्दोष यंत्राचा एकेक अंक उतरून घेतें. जातां जातां तें स्वतःच्याच क्रमांकाशीं येऊन ठेपतें. आतां उतरावयाचें काय? आपण जें करीत आहों तेंच, पुन्हां पहिल्यापासून! परीक्षकानें त्याला सदोष म्हणावें, तर तें सुखरूप पुढें जातें. निर्दोष म्हणावें, तर तेथेंच कायमचें अडकतें. निष्णात नटालाही स्वतःच्या खांद्यावर चढतां येत नाहीं, हा शास्त्रकारांचा दृष्टान्त वाचकांस आठवेल.

परंतु निबंधाचें मर्म आम्हांस नवव्या प्रकरणांत दिसतें. तेथें 'कंप्यूटर' हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ कागद घेऊन हिशेब करणारा माणूस. त्याचा कागद शाळकरी मुलाच्या वहीसारखा चौकटींचा. एका वेळीं त्याला मोजक्याच चौकटी दिसतात. मनाच्या अवस्थाही मोजक्याच. एवढें मान्य केलें कीं त्याचें काम यंत्र करूं शकतें. म्हणजे मर्यादा आधीं या कारकुनाला पडली, आणि त्याच्यामार्फत यंत्राला. मनुष्य यंत्राहून श्रेष्ठ नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. त्याचा पुरावा येथें शोधूं नये इतकेंच.

हें प्रकरण अखेर अंतःप्रेरणेवर उभें आहे, हें ट्यूरिंग स्वतःच मोकळेपणानें कबूल करतात. गोडेल यांनीं पुढें नेमका येथेंच आक्षेप घेतला कीं मन स्थिर नसतें, तें सतत विकास पावतें. आक्षेप मार्मिक खरा. पण ट्यूरिंग यांचा कारकून नेमून दिलेल्या नियमांबाहेर पाऊल टाकीत नाहीं, आणि हिल्बर्ट यांचा प्रश्नही तेवढ्यापुरताच होता.