सीमापार पर्यावरणहानी आणि राज्याचे दायित्व : सान हुआन नदीवरील निकालांची चिकित्सा

प्रस्तावना

आपल्या मालमत्तेचा वापर शेजाऱ्यास अपाय होणार नाही अशा रीतीने करावा, हे सूत्र कायद्याच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. ट्रेल स्मेल्टर लवादाने ते दोन राष्ट्रांमधील प्रदूषणाच्या वादास लागू केले. कॅनडातील ट्रेल येथील धातू वितळविणाऱ्या कारखान्याच्या धुरामुळे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील शेती व वनांची हानी झाली. लवादाने १९३८ मध्ये ७८,००० डॉलरची भरपाई मंजूर केली. १९४१ च्या अंतिम निवाड्यात त्याने दायित्वासाठी दोन अटी सांगितल्या : हानी गंभीर असावी आणि ती स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने सिद्ध व्हावी. १९७२ च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने दायित्व व भरपाई यांविषयीचा कायदा विकसित करण्याचे आवाहन केले. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यास त्याच आवाहनाचा पुनरुच्चार करावा लागला, यातच या क्षेत्रातील मंद गती दिसून येते.

या पार्श्वभूमीवर कोस्टा रिका विरुद्ध निकाराग्वा या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेला निकाल ऐतिहासिक मानला जातो. निव्वळ पर्यावरणाच्या हानीसाठी या न्यायालयाने भरपाई देण्याची ही पहिलीच वेळ होती. तथापि, हा निकाल सीमापार हानीच्या कायद्यातील प्रगतीचा पुरावा मानता येईल काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात तपासला आहे.

तीन तक्रारी, एक भरपाई

निकाराग्वाने २०१० मध्ये व पुन्हा २०१३ मध्ये सान हुआन नदीच्या मुखाजवळील पाणथळ प्रदेशात चर खोदले व त्यासाठी झाडे तोडली. हा भूभाग कोस्टा रिकाचा असल्याचे न्यायालयाने १६ डिसेंबर २०१५ च्या निकालात ठरविले आणि निकाराग्वास भरपाईस पात्र धरले. मात्र त्याच निकालात आणखी दोन तक्रारींचा निर्णय झाला, त्यांची चर्चा क्वचितच होते. निकाराग्वाने सान हुआन नदीतील गाळ उपसल्यामुळे कोलोरॅडो नदीचा प्रवाह व कोस्टा रिकाच्या पाणथळ जागा यांना बाधा पोहोचली, ही कोस्टा रिकाची तक्रार पुराव्याअभावी अमान्य झाली. उलटपक्षी, कोस्टा रिकाने नदीकाठाने बांधलेल्या रस्त्यावरील माती नदीत वाहून आली, ही निकाराग्वाची तक्रार होती. रस्त्यामुळे आलेला गाळ नदीच्या एकूण गाळाच्या फार तर दोन टक्के आहे असे न्यायालयास आढळले आणि लक्षणीय हानी सिद्ध झाली नाही असे ठरले.

येथे एक महत्त्वाची बाब लक्षात येते. आपल्या हद्दीत केलेल्या कृतीचा परिणाम शेजारच्या देशात होणे, हा सीमापार हानीचा खरा अर्थ होय. या अर्थाने ज्या दोन तक्रारी होत्या, त्या दोन्ही फेटाळल्या गेल्या. भरपाई मिळाली ती निकाराग्वाने प्रत्यक्ष परक्या भूमीवर पाऊल ठेवले म्हणून. म्हणजेच दायित्वाचा आधार सार्वभौमत्वाचा भंग हा होता. प्रदूषण वा प्रवाहातील बदल हा नव्हता. २०१८ च्या निकालाचा गौरव करताना हा भेद दृष्टीआड होतो.

पुराव्याचा भार

रस्ता बांधण्यापूर्वी कोस्टा रिकाने पर्यावरणीय आघात मूल्यमापन केले नाही आणि हा कायदेभंग होय, असेही न्यायालयाने म्हटले. परंतु त्याबद्दल केवळ तशी घोषणा पुरेशी मानली गेली. असे मूल्यमापन झाले असते तर नदीची पूर्वस्थिती नोंदली गेली असती. ती नोंद नसल्याने हानी सिद्ध करणे कठीण होते आणि हा तोटा तक्रारदारास सोसावा लागतो. कर्तव्यात कसूर करणाऱ्यास त्या कसुरीचाच लाभ मिळावा, ही स्थिती न्यायसंगत म्हणता येत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की पुराव्याची अट शिथिल केल्यास छोट्या राष्ट्रांच्या प्रत्येक विकासकामावर दावे उभे राहतील. हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. मात्र मूल्यमापन न करणाऱ्या राष्ट्रावरच 'हानी झाली नाही' हे दाखविण्याचा भार टाकल्यास प्रामाणिकपणे मूल्यमापन करणाऱ्यास त्याची झळ पोहोचत नाही.

हानीचे मोल

कोस्टा रिकाने परिसंस्थेच्या हानीपोटी सुमारे २८.८ लक्ष डॉलर मागितले होते. न्यायालयाने १,२०,००० डॉलर दिले. प्रत्येक घटकाचे स्वतंत्र मोल न ठरविता न्यायालयाने समग्र मूल्यांकनाची पद्धत स्वीकारली. निकाराग्वाच्या दुरुस्त गणनेनुसार येणारी ८४,२९६ डॉलरची रक्कम त्याने अपुरी मानली. पण तेथून १,२०,००० पर्यंतचा हिशेब निकालात उलगडून दाखविलेला नाही. याउलट देखरेख व उड्डाणे अशा शासकीय खर्चापोटी २,३६,०३२.१६ डॉलर मंजूर झाले, कारण त्यांच्या पावत्या होत्या. पावती नसलेल्या अरण्याचे मोल शासकीय खर्चाच्या जवळपास निम्मे ठरले. तदर्थ न्यायाधीश जॉन ड्युगार्ड यांनी ही रक्कम अपुरी मानून विरोधी मत नोंदविले.

मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश दलवीर भंडारी यांनी याच प्रकरणात स्वतंत्र मत लिहून सावधगिरीचे तत्त्व व दंडात्मक भरपाई यांचा विचार मांडला. राजस्थानातील बिछडी प्रदूषण प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकालही त्यांच्याच खंडपीठाचा होता. प्रदूषकाने किंमत मोजावी, हे तत्त्व भारतीय न्यायव्यवस्थेने देशांतर्गत कायद्यात रुजविले आहे. राष्ट्राराष्ट्रांमधील कायद्यात ते अद्याप तसे रुजलेले नाही.

निष्कर्ष

न्यायालयाने २३ जुलै २०२५ च्या हवामानविषयक सल्लागार मतात पूर्ण भरपाईचे तत्त्व मान्य केले. परंतु कृती व हानी यांच्यात पुरेसा थेट व निश्चित कार्यकारणसंबंध हवा, ही अट कायम ठेवली. धूर, गाळ वा पुराचे पाणी यांच्याबाबत हा संबंध सिद्ध करणे हीच मुख्य अडचण आहे. त्यामुळे मूल्यमापनात कसूर करणाऱ्यावर पुराव्याचा भार टाकणे आणि मोल ठरविण्याचा हिशेब निकालात उघड मांडणे, या दोन सुधारणा आवश्यक ठरतात. त्या न झाल्यास सीमा ओलांडणाऱ्या माणसास शिक्षा होईल, पण सीमा ओलांडणारे विष मोकळेच राहील.