अनाम कारागीर कोणास अनाम?

देशोदेशींच्या जुन्या लोककलेच्या वस्तू गोळा करणें हा आतां केवळ धनिकांचा विलास राहिलेला नाहीं. अशा संग्रहांचीं मोठीं संग्रहालयें झालीं आहेत आणि त्यांच्या पाठीशीं एक तत्त्वज्ञानही उभें राहिलें आहे. तेव्हां ग्रंथाचें करावें तसें संग्रहाचेंही परीक्षण करणें योग्य होय. अमेरिकेंतील एका विख्यात संग्रहाचा या दृष्टीनें विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

न्यू मेक्सिको संस्थानांतील सांता फे येथें आंतरराष्ट्रीय लोककलेचें संग्रहालय १९५३ सालीं उघडलें. वास्तुशिल्पी आणि वस्त्रांचे नमुनेकार अलेक्झांडर जिरार्ड (१९०७–१९९३) व त्यांच्या पत्नी सूझन यांनीं १९७८ सालीं आपला संग्रह या संस्थेस अर्पण केला. १००हून अधिक देशांतील सुमारें १,०६,००० वस्तू त्यांत आहेत : खेळणीं, बाहुल्या, मुखवटे, मातीचीं चित्रें, कशिदा. त्यांपैकीं सुमारें १०,००० वस्तू १९८२ सालीं नव्या दालनांत मांडल्या गेल्या, आणि ती मांडणी जिरार्ड यांनींच योजिली. भारताशींही त्यांचा संबंध आला होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत १९५५ सालीं भारतीय वस्त्रें व अलंकारकला यांचें जें प्रदर्शन भरलें, त्याची रचना त्यांचीच होती.

या दालनाचा पहिला गुण म्हणजे निर्भेळ आनंद. जिरार्ड यांचें बालपण इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं गेलें, आणि नाताळांत मांडल्या जाणाऱ्या येशूजन्माच्या देखाव्यांची गोडी त्यांस तेव्हांपासूनच लागली. तेंच बालमन येथें दिसतें. चिमुकल्या आकृतींचीं गांवें वसलीं आहेत, बाजार भरले आहेत, मिरवणुका निघाल्या आहेत. कवडीमोलाचें खेळणेंही येथें मानानें बसतें. मौल्यवान तेंच सुंदर, या समजुतीस इतकें प्रसन्न उत्तर क्वचितच मिळालें असेल.

परंतु या आनंदास एक उणेपणा चिकटला आहे. वस्तूंशेजारीं माहितीच्या पाट्या लावूं नयेत, असा जिरार्ड यांचा आग्रह. प्रेक्षकानें आधीं डोळ्यांनीं पाहावें, वाचनांत गुंतूं नये, हा त्यांतील हेतु. हेतु चांगला आहे. माहितीची पुस्तिका वेगळी मिळते, हेंही खरें. तथापि कवीचें नांव न जाणतां कविता आवडणें निराळें आणि मुखपृष्ठावरून कवीचें नांव काढून टाकणें निराळें.

लोककला समूहाची असते, तिला कर्ता नसतो, असें यावर उत्तर देण्यांत येतें. जपानांत सोएत्सु यानागी (१८८९–१९६१) यांनीं या मतास तत्त्वज्ञानाचें रूप दिलें. १९२५ सालीं त्यांनीं व त्यांच्या कुंभार मित्रांनीं 'मिंगेई', म्हणजे लोकांची कला, हा शब्द योजिला. १९३६ सालीं टोकियोंत संग्रहालय उघडलें. अहंकार सोडून, नित्याच्या वापरासाठीं, अनाम हातांनीं घडलेल्या वस्तूंत श्रेष्ठ सौंदर्य वसतें, हा त्यांचा सिद्धान्त. यानागी यांची योग्यता लहान नव्हे. कोरिया जपानच्या सत्तेखालीं असतां त्यांनीं तेथील मृत्पात्रांचें सौंदर्य ओळखलें आणि १९२४ सालीं सेऊलच्या जुन्या राजवाड्यांत त्या लोकांच्या कलेचें संग्रहालय काढलें.

तरी आम्ही विचारतों, हा कारागीर अनाम कोणास? आपल्या गांवास तर खचित नव्हे. कोणाचें मडकें पाणी गार ठेवतें, कोणाचें पहिल्याच उन्हाळ्यांत तडकतें, हें पाणी भरणारीस ठाऊक असतें. वस्तु गांवाची वेस ओलांडते तेव्हां नांव गळून पडतें, कारण घेणारानें किंमत विचारली, नांव विचारलें नाहीं. अनामता हा बहुधा कलेचा गुण नसून खरेदीची खूण असते.

याचा पुरावा जिरार्ड यांच्याच चरित्रांत आहे. सांता फेपासून जवळच कोचिती नांवाचें तद्देशीय लोकांचें गांव आहे. तेथील हेलन कोर्डेरो (१९१५–१९९४) मातीचीं चित्रें करीत. मूल घेतलेल्या आईची आकृति तेथें पूर्वींपासून घडत असे. १९६४ सालीं जिरार्ड यांनीं त्यांस त्याहून मोठी, अधिक मुलें असलेली आकृति करण्यास सांगितलें. कोर्डेरो यांस आपले आजे सांतियागो किंताना आठवले, ज्यांच्याभोंवतीं नातवंडें गोष्टी ऐकण्यास जमत. त्यांनीं आज्याच्या अंगाखांद्यावर मुलें बसविलीं, आणि 'गोष्ट सांगणारा' हा नवा प्रकार जन्मास आला. पुढें आसपासच्या गांवांतील अनेक कुंभारांनीं तो उचलला. कोर्डेरो यांस १९८६ सालीं राष्ट्रीय सन्मान मिळाला. संग्राहकानें कर्त्याशीं संभाषण केलें, तेव्हां परंपरेस धक्का लागला नाहीं. तिला पालवी फुटली.

हा दोष केवळ परक्यांचा नव्हे. आपल्या घरांतील तांब्यापितळेच्या भांड्यांवर नांवें घातलेलीं असतात. तीं देणाराचीं किंवा घेणाराचीं. घडविणाऱ्या तांबटाचें नांव आपणही कधीं कोरलें नाहीं. हीं भांडीं आज माळ्यावरून उतरून मोडीच्या दुकानीं किंवा शोभेच्या कपाटांत जात आहेत. कपाट केव्हांही बरें. परंतु तें कोठें व कोणीं घडविलें, कशासाठीं वापरलें, हें सांगणारीं वडील माणसें घरांत आहेत तोंवरच दोन ओळी लिहून ठेवाव्या. त्यावांचून केलेला संग्रह कितीही मोठा झाला, तरी त्यास साठा म्हणावें लागेल.