'गेट', 'पाना' आणि 'मिळणे' : कर्त्याच्या जागेचा प्रश्न

शालेय उपयोगाच्या इंग्रजी-हिंदी कोशांत 'गेट' या क्रियापदासमोर बहुधा 'पाना' व 'प्राप्त करना' हे प्रतिशब्द आरंभी दिलेले आढळतात. केवळ अर्थाकडे पाहिले तर त्यांत चूक काढता येत नाही. तथापि क्रियापदाने दर्शविलेली क्रिया एवढाच क्रियापदाचा अर्थ नसतो. त्या क्रियेत कर्त्याचे आसन कोणाकडे जाते हाही त्या अर्थाचाच भाग असतो. 'गेट'च्या बाबतीत ही दुसरी बाजू कोशांत उपेक्षित राहिली आहे, आणि तिचे परिणाम हिंदीपुरते न थांबता हिंदीच्या वाटेने मराठीतही उतरू लागले आहेत.

मध्ययुगीन इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतून आलेला हा शब्द आज इतका पसरला आहे की त्याला एक प्रतिशब्द शोधणेच व्यर्थ होय. 'आय गॉट होम' म्हणजे घरी पोचलो. 'आय गॉट वेट' म्हणजे भिजलो. 'आय गॉट फीव्हर' म्हणजे ताप आला. 'आय गॉट इट' म्हणजे, प्रसंगानुसार, समजले. या साऱ्या प्रयोगांत एक गोष्ट मात्र स्थिर आहे. ज्याच्याकडे काही येते किंवा ज्याच्या स्थितीत पालट होतो, तोच वाक्याचा कर्ता असतो. पत्र टपालाने आलेले असो की कचेरीत खेटे घालून मिळवलेले असो, इंग्रजीत घेणाराच कर्ता.

हिंदीत या ठिकाणी दोन वाटा फुटतात. 'मुझे पत्र मिला' यात कर्ता पत्र आहे आणि माणूस 'को'च्या आश्रयाने उभा आहे. 'मैंने पत्र पाया' यात माणूस कर्ता झाला आहे. नित्याच्या बोलण्यात पहिला प्रयोगच स्वाभाविक असून दुसऱ्याला ग्रांथिक छटा आहे. म्हणजे कोश ज्याला अग्रस्थान देतो तो शब्द व्यवहारात मागच्या रांगेत बसतो. कारण उघड आहे. 'पाना'ची वाक्यरचना इंग्रजीशी तंतोतंत जुळते, आणि कोशकाराला अशा जुळणीचा मोह आवरत नाही. 'पाना'चे खरे चलन आज सहायक क्रियापद म्हणून आहे. 'मैं जा नहीं पाया' हे वाक्य 'आय डिडन्ट गेट टू गो' याच्या फार निकट येते. मराठी मात्र येथे 'जायला मिळाले नाही' आणि 'जाता आले नाही' असा संधी व सामर्थ्य यांतील भेद राखते. दाखवायला हवे होते ते हे साम्य. छोट्या कोशांत नेमके तेच सापडत नाही.

'पाना' आणि मराठी 'पावणे' ही सख्खी भावंडे; दोहोंचे मूळ संस्कृत 'प्र + आप्'. परंतु भावंडांचे संसार वेगळे झाले. हिंदीत पावणारा माणूस. मराठीत पावते ती वस्तू, आणि कित्येकदा देव. जुन्या पत्रव्यवहारात पत्र 'पावते', म्हणून त्याच्या पोचेला 'पावती' म्हणतात. तुळजापूरची भवानी नवसाला पावते. येथे 'पाना' योजून भाषांतर केले तर भक्ताला देवी सापडली असा अर्थ होईल, देवीने कृपा केली असा होणार नाही. 'मरण पावणे', 'कीर्ती पावणे' अशा गोठलेल्या प्रयोगांत माणसाचे कर्तेपण मराठीनेही जपले आहे, परंतु दैनंदिन बोलण्यातून ते गेले. त्याची जागा 'मिळणे' या अकर्मक क्रियापदाने घेतली.

बार्शी तालुक्यातील वैरागसारख्या बाजारगावी या अर्थक्षेत्राची वाटणी अधिक बारकाईने दिसते. शोधून किंवा अवचित हाती लागलेली वस्तू 'घावते'. ठरलेली, देय असलेली वस्तू 'मिळते'. वाटेत पडलेले दहा रुपये घावतात, पगार मिळतो. पगार 'घावला' असे कोणी म्हणालेच तर त्यात उपहास असतो. याच परिसरातील दख्खनी बोलणारा 'मेरेकू मिल्या' म्हणून दोन्ही अर्थ साधतो. विदर्भातील 'भेटणे' आता दक्षिणेकडेही सरकले असून 'पुस्तक भेटले' हा प्रयोग तरुणांच्या तोंडी सर्रास ऐकू येतो. त्याला अशुद्ध म्हणून हिणवण्याची रीत आहे; ती निष्कारण होय. हिंदीचे 'मिलना' माणसाला भेटणे व वस्तू मिळणे हे दोन्ही अर्थ वाहते. 'भेटणे'नेही तसेच केले तर भाषेचे काही बिघडत नाही, कारण 'मला पुस्तक भेटले' यात वाक्याची घडण मराठीच राहते. कर्ता पुस्तकच आहे.

बिघाड आहे तो 'मिळवा' या आज्ञार्थात. इंग्रजी जाहिरातीतील 'गेट' हिंदीत 'पाएँ' होते, आणि त्यावरून मराठीत 'मोफत मिळवा', 'सवलत मिळवा', 'अनुदान मिळवा' अशी वाक्ये तयार होतात. बियाण्यांच्या वेष्टनांवर आणि मोबाइलवर येणाऱ्या संदेशांत ती नित्य दिसतात. मराठी 'मिळवणे' मात्र प्रयत्नवाचक आहे. 'नोकरी मिळाली' आणि 'नोकरी मिळवली' यांत खटपटीचे अंतर आहे. दुसऱ्या वाक्यात कधी कधी वशिल्याचाही वास येतो. (गवळी दुधात पाणी मिळवतो आणि त्यातून पैसाही मिळवतो, दोन्ही ठिकाणी कष्ट त्याचेच.) तेव्हा 'मोफत मिळवा' हा वदतोव्याघात ठरतो. आणि 'अनुदान मिळेल' याचे 'अनुदान मिळवा' झाले की केवळ शैली बदलत नाही. 'मिळेल' हे देणाऱ्याने दिलेले वचन आहे. ते पाळले गेले नाही तर जाब त्याला विचारता येतो. 'मिळवा' ही घेणाऱ्याला केलेली आज्ञा आहे; पदरी काही पडले नाही तर उणेपणा त्याचा. ज्या शेतकऱ्यासाठी सूचना लिहिली, त्याच्याच माथ्यावर जबाबदारी अलगद सरकवली जाते, आणि हे कोणी हेतुतः केलेले नसते. एका प्रतिशब्दाच्या मागोमाग ते घडत जाते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. हिंदी पुढच्या इयत्तांत येते. अशा विद्यार्थ्याला 'गेट'समोर 'पाना' आणि 'पाना'समोर 'मिळवणे' अशी शब्दांची साखळी देणे म्हणजे दोन चुका एकदम देणे होय. कोशात 'गेट'खाली प्रथम 'मिलना' द्यावे, तेही सुटे न देता 'किसी को कुछ मिलना' असे विभक्तीसह. 'पाना'ची नोंद सहायक प्रयोगाच्या उदाहरणासह त्यानंतर यावी. मराठीसाठी 'मिळणे' व 'मिळवणे' यांतील प्रयत्नाचा भेद एका वाक्यजोडीने सहज स्पष्ट होतो. यासाठी उदाहरणे लांबून आणावी लागत नाहीत. 'येथे चहा मिळेल', 'खोली भाड्याने मिळेल' या पाट्या गावोगावी आहेत, आणि त्या रंगवणाऱ्यांपैकी कोणी 'येथे चहा मिळवा' असे लिहिल्याचे अद्याप दिसत नाही.