साखरेच्या परीक्षेत साखर नापास

अन्नपदार्थात साखर आहे की नाही हे ओळखण्यासाठी शाळेत बेनेडिक्टचे निळे द्रावण वापरतात. परीक्षानळीत हे द्रावण आणि पदार्थाचे पाणी एकत्र करून नळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवली की निळा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी होत शेवटी विटकरी होतो. 'विटकरी साका म्हणजे साखर आहे', असे अनुमान वहीत लिहिले जाते. आता हाच प्रयोग वाण्याकडून आणलेल्या पांढऱ्या दाणेदार साखरेवर करून पाहा. द्रावण निळेच राहते. वहीतील अनुमान प्रमाण मानले तर साखरेत साखर नाही! शेजारच्या नळ्यांत गुळाचे पाणी, मध आणि दूध घ्या. तिन्ही पदार्थ परीक्षेत उत्तीर्ण होतात.

प्रयोगात काही दोष नाही. दोष 'साखर' या शब्दाच्या वापरात आहे. हा एक शब्द आपण किती वेगवेगळ्या अर्थांनी वापरतो आणि त्यामुळे कोणाचे काय बिघडते, हे आम्हाला येथे तपासायचे आहे.

एक गाव, अनेक साखरा

गडमुडशिंगी हे कोल्हापूर शहराजवळचे, करवीर तालुक्यातील गाव. हा सगळा मुलूख उसाचा. अशा गावात 'साखर' हा शब्द दिवसभरात अनेक तोंडी येतो. स्वयंपाकघरात साखर म्हणजे चहात घालायचा पांढरा दाणा. ऊस उत्पादकाच्या बोलण्यात साखर म्हणजे उतारा, आणि उतारा म्हणजे उसाचा दर. दवाखान्यातून परतणारे आजोबा म्हणतात, "साखर वाढलीय." कोणी म्हणते, "त्यांना साखर आहे", येथे साखर हे आजाराचे नाव झाले. शाळेत शिकवले जाते की वनस्पतीची पाने सूर्यप्रकाशात साखर तयार करतात. शिवाय साखरपुडा आहे, आणि चांगली बातमी आणणाऱ्याच्या तोंडात पडणारी साखर आहे.

शेवटच्या दोन वापरांनी कोणाचा घोटाळा होत नाही. आधीच्या चार वापरांनी मात्र होतो, कारण ते चारही शास्त्रीय वाटतात आणि चारींतील पदार्थ एकच आहे असा समज होतो.

शब्दाचा प्रवास

संस्कृतात 'शर्करा' म्हणजे बारीक खडे, वाळू. उसाचा रस आटवून मिळणाऱ्या खडेदार पदार्थाला हे नाव रूपसाम्याने मिळाले. आयुर्वेदात मूत्रमार्गातील बारीक खड्यांनाही शर्करा म्हणतात. तेथे गोडीचा संबंधच नाही. प्राकृतातील 'सक्कर' या रूपावरून मराठीत 'साखर' आली. हाच शब्द फारसीत शकर आणि ग्रीकमध्ये साखारोन झाला व पुढे युरोपीय भाषांत पसरला. 'सुक्रोज' हे नाव इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम मिलर याने १८५७ साली फ्रेंच 'सुक्र' या शब्दावरून बनवले. १८७९ साली सापडलेल्या सॅकरिनचे नावही याच कुळातले, मात्र त्यात साखरेचा अंशही नाही. थोडक्यात, मुळात खड्याचे असलेले नाव पुढे गोड पदार्थाचे झाले, नंतर एका रेणूचे, आणि शेवटी रेणूंच्या संपूर्ण कुटुंबाचे.

रेणूची ओळख

वाण्याची साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज. तिचा प्रत्येक रेणू ग्लुकोजचा एक आणि फ्रुक्टोजचा एक घटक जोडून बनलेला असतो. ग्लुकोजच्या रेणूचे एक टोक बेनेडिक्टच्या द्रावणातील तांब्याच्या आयनांवर क्रिया करते आणि विटकरी क्युप्रस ऑक्साइड तयार होते. अशा साखरांना क्षपणकारी शर्करा म्हणतात. सुक्रोजमध्ये दोन्ही घटकांची क्रियाशील टोके एकमेकांतच अडकलेली असतात, म्हणून द्रावण निळे राहते. गुळात सुक्रोजबरोबर थोडे मोकळे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते, मधात ते भरपूर असते, आणि दुधातील लॅक्टोजचे एक टोक मोकळे असते. म्हणून हे तिघे उत्तीर्ण होतात.

सुक्रोजची ही गाठ सोडवता येते. साखरेच्या पाण्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकून दोन-तीन मिनिटे उकळा. थंड झाल्यावर फेस येणे थांबेपर्यंत खाण्याचा सोडा घाला आणि मग परीक्षा घ्या. आता विटकरी रंग येतो. सुक्रोजच्या ३४२ ग्रॅममध्ये १८ ग्रॅम पाणी सामील होऊन १८० ग्रॅम ग्लुकोज आणि १८० ग्रॅम फ्रुक्टोज तयार होते.

कारखान्याचा तोटा, रक्ताची साखर

हीच क्रिया तोडून पडलेल्या उसातही होते. ऊस गाळपाला जायला उशीर झाला की सुक्रोज फुटू लागते. ऊस चाखला तर गोडच लागतो, पण कारखान्यात स्फटिकरूपाने पोत्यात पडते ते फक्त सुक्रोज. फुटलेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मळीत जातात. म्हणजे डॉक्टर ज्या ग्लुकोजला साखर म्हणतात, तेच कारखान्याच्या हिशेबात साखरेचे नुकसान ठरते.

या फरकाला पैशाचे मोल आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. त्यावर उतारा ०.१ टक्क्याने वाढला की टनाला ३४ रुपये ६० पैसे अधिक, म्हणजे एका पूर्ण टक्क्याला ३४६ रुपये. शेतात वापरले जाणारे ब्रिक्सचे माप आणि हा उतारा एकच नव्हेत. ब्रिक्समध्ये रसात विरघळलेले सर्वच पदार्थ, ग्लुकोज आणि क्षारसुद्धा, मोजले जातात. दोन्ही आकड्यांना 'साखर' म्हणणारा विद्यार्थी उद्या शेतकरी झाला तर आपला हिशेब कसा तपासणार?

दवाखान्यात तर जिवाचाच प्रश्न असतो. रक्तातील साखर म्हणजे ग्लुकोज. उपाशीपोटी १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १०० मिलिग्रॅम, म्हणजे पाच लिटर रक्तात अवघे पाच ग्रॅम, चमचाभर. हे ग्लुकोज साखरेतून येते तसेच भाकरी, भात आणि बटाट्याच्या पिष्टातूनही येते. "मी साखर सोडली, तरी साखर वाढते कशी?" हा रुग्णाचा प्रश्न एकाच शब्दाच्या दोन अर्थांतून जन्मलेला आहे. "साखर बंद, म्हणून गुळाचा चहा" हा उपायही त्याच गोंधळातला. गुळातील मोठा भाग सुक्रोजच असतो, आणि लहान आतड्यात त्याचे ग्लुकोज होतेच.

उलट बाजूही पाहू. मधुमेहाच्या औषधाने रक्तातील साखर एकदम उतरली, तर रुग्ण शुद्धीवर असताना साखर किंवा ग्लुकोज द्यावे असा सल्ला देतात. परंतु रुग्ण अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही औषधेही घेत असेल, तर आतड्यात सुक्रोज फोडणारे विकर मंदावलेले असते. तेथे चमचाभर साखर वेळेवर कामाला येत नाही. ग्लुकोजच द्यावे लागते. जुलाबात घरी करावयाच्या मीठ-साखरेच्या पाण्यात मात्र ग्लुकोजऐवजी साखर चालते, कारण आतडे तिचे ग्लुकोज करून घेते. अदलाबदल कोठे चालते आणि कोठे नाही, हे एकाच शब्दाने कळत नाही.

पाठ्यपुस्तकांवर आमचा आक्षेप

डॉक्टरांनी किंवा आजोबांनी 'साखर' म्हणू नये असे आमचे म्हणणे नाही. बोलभाषा सोयीने चालते आणि संदर्भ असेल तोवर तिचे अडत नाही. आमची तक्रार शास्त्र शिकवणाऱ्या लेखनाबद्दल आहे. प्रकाशसंश्लेषणाच्या समीकरणात ग्लुकोज लिहायचे, खाली मजकुरात साखर म्हणायचे, पचनाच्या धड्यात शर्करा आणि प्रयोगात पुन्हा साखर, असे झाले तर विद्यार्थ्याने काय समजावे? उसाच्या गावातील मुलाला पान साखर तयार करते हे ऐकून पोत्यातील दाणा आठवणारच. गंमत म्हणजे उसाच्या बाबतीत तो अगदीच चूक नाही: पानातून खोडाकडे वाहून नेले जाते आणि तेथे साठते ते सुक्रोजच. मात्र शेजारच्या ज्वारीच्या कणसात शेवटी जमा होते ते पिष्ट.

या बाबतीत मराठी सुदैवी आहे. इंग्रजीत दाण्याला आणि कुटुंबाला एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत. 'साखर' हा शब्द सुक्रोजसाठी राखावा, संपूर्ण कुटुंबाला 'शर्करा' म्हणावे, आणि ग्लुकोजला ग्लुकोजच म्हणावे. असे केले तर बेनेडिक्टच्या प्रयोगाचे शीर्षक 'क्षपणकारी शर्करेची परीक्षा' होईल आणि साखर नापास झाल्याचे कोणाला नवल वाटणार नाही.

तोपर्यंत शिक्षकांनी एक सवय लावून घ्यावी. वर्गात, वर्तमानपत्रात, औषधाच्या चिठ्ठीवर किंवा बिस्किटाच्या पुड्यावर साखर हा शब्द आला की मुलांना विचारावे: कोणती साखर? पुड्यावर 'एकूण' आणि 'वरून घातलेली' अशा दोन ओळी का असतात, उसाच्या पावतीवरचा उतारा कशाचा, आजोबांच्या तपासणीच्या कागदावरचा आकडा कोणत्या पदार्थाचा, हे मुलांनी घरून लिहून आणावे. हा गृहपाठ गडमुडशिंगीतील मुलाला जितका जवळचा वाटेल, तितकाच शहरातील मुलालाही वाटेल, कारण यातली एक तरी साखर प्रत्येक घरात असते.